सस्पेनचं साल

आजीचं पंचांग भिंतीवर टांगलेलं नसायचं. थोरली आत्या जन्मली ती गोदीत स्फोट झाला त्याच्या आदल्या साली, बाबा जन्मले ते गांधीजी गेले त्या साली, आणि धाकटे काका जन्मले ते ‘ह्यांका सस्पेन केल्यानी’, म्हणजे गिरणीने आजोबांना निलंबित केलं, त्या साली. पहिली दोन सालं इतिहासाच्या पुस्तकात सापडतात. तिसरं फक्त आमच्या घरचं. पण मुंबईत लालबाग-परळच्या, गिरणगावातल्या कुठल्याही चाळीत विचारा, मजल्यागणिक दोन-तीन बिऱ्हाडांना असं एखादं साल होतंच. ती सालं कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून आजी-आजोबांकडून ऐकलेलं इथे मांडते आहे, आणि जिथे त्याला कायद्याच्या कागदाचा जोड मिळतो तिथे तो देते आहे.

आजोबा मालवण तालुक्यातल्या एका वाडीतले. लालबागच्या एका गिरणीत विणाई खात्यात साचे चालवायचे. त्या दिवसांत सूत कच्चं येत होतं. ताणा सारखा तुटायचा, जोडेपर्यंत कापडात फट पडायची. असा एक तागा तपासणीत नापास झाला आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर आजोबांना फैलावर घेतलं. आजोबांनी धोट्यातली कांडी काढली, मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, आधी सूत बघा.” ओरडले नाहीत, हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेटवरच त्यांचा पास काढून घेतला. हातात कागद दिला तो आरोपपत्राचा: वरिष्ठांशी उद्धट वर्तन, खात्याची शिस्त मोडणे. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

ही गोष्ट सांगताना आजोबा कांडीपाशी थांबत. आजी मात्र तिथे कधीच थांबली नाही. तिची गोष्ट गेटवरून घरी परतलेल्या नवऱ्यापासून सुरू व्हायची. काढून टाकलेला माणूस निदान दुसऱ्या गिरणीच्या गेटवर बदली कामगार म्हणून उभा राहू शकतो. सस्पेंड केलेल्याला तेही करता येत नाही. दुसरीकडे कामाला लागला असं कळलं तर तोच नवा गुन्हा. काढलेलंही नाही, ठेवलेलंही नाही, आणि पगार तर नाहीच. भोंगा झाला की आजोबा सवयीने उठायचे, आंघोळ करून बसायचे. वाण्याने पहिला महिना काही म्हटलं नाही. दुसऱ्या महिन्यात तो सामान न्यायला आलेल्या आत्याला सांगू लागला, “बाबांना पाठव.” आजोबा वाण्याच्या दुकानावरून जाणं टाळून मागच्या गल्लीने फिरायचे. सावकारी करणाऱ्या पठाणाचं व्याज थकलं तेव्हा तो चाळीच्या जिन्यात येऊन बसला. आजीच्या पाटल्या त्या पावसाळ्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत.

“पाठीर मारलंस तर सोसतलंय, पोटार मारू नको,” हे आजी देवापुढे बसून म्हणायची. गिरणगावात हे वाक्य घराघरात होतं. मला वाटतं, निलंबनाच्या साऱ्या कायद्याचा गाभा या बाईने देवापुढे मांडलेल्या मागणीत आहे. चौकशी करा, शिक्षा करा, पण चौकशी चालू असताना माणसाला उपाशी ठेवू नका. उपाशी माणसाची चौकशी ही चौकशी नसतेच. तो काय वाटेल त्यावर अंगठा उठवतो.

आजीने काय केलं ते मला तिच्याच तोंडून ऐकायला मिळालं. गावाहून भाताचं पोतं मागवलं आणि चार गाववाल्या पोरांना जेवायला घातलं. सकाळी भात-आमटी, रात्री भाकरी आणि सुकट. कुणाच्या किती वेळा झाल्या त्याच्या खडूच्या रेघा दरवाजाच्या आतल्या बाजूला, प्रत्येकाच्या नावाखाली. पगाराच्या दिवशी हिशोब व्हायचा, ओला फडका फिरायचा, आणि नव्या रेघा सुरू. पोटात धाकटे काका, समोर चूल. अशी तिची खानावळ सुरू झाली आणि आजोबा कामावर परतल्यावरही बंद पडली नाही.

गिरणगावात अशा शेकडो बाया होत्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गडी त्यांच्याकडे महिनेवारीने जेवायचे. एखादा सस्पेंड झाला, संप झाला, तरी पान वाढलं जायचं आणि रेघा वाढत जायच्या. १९७३-७४ च्या संपातही या खानावळवाल्या बायांनीच उधारीवर कामगार जगवले आणि स्वतः सावकाराच्या हाती गेल्या. ते पाहून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. निर्वाह भत्ता, म्हणजे निलंबनाच्या काळातला पोटापुरता पगार, कायद्यात यायच्या कितीतरी आधी गिरणगावात तो दिला जात होता. देणारे मालक नव्हते, चुलीपुढच्या बाया होत्या. कामगार चळवळीच्या इतिहासात त्यांना मोर्च्यातल्या गर्दीपुरती जागा मिळते, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

आजोबा म्हणायचे, आमचे दिवस तरी बरे, वडलांच्या वेळी आरोपपत्र वगैरे काही नसायचं. पणजोबांचा काळ मुकादमाचा. कामाला लावायचं त्याने, काढायचं त्याने, आणि दोन्हीसाठी दस्तुरी घ्यायची त्यानेच. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचे, त्याला डबल खाडा म्हणत. बिघडलेला तागा विणकराच्या गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून वळती करायचे. पणजोबांनी घरी आणलेल्या अशा कापडाच्या गोधडीचं अस्तर मी पाहिलं आहे. जाड, पिवळट पडलेलं मांजरपाट, मध्येच बोटभर पट्टा विरळ, उजेडात धरला तर आरपार दिसणारा. तपासनिसाने त्या जागी मारलेली निळ्या पेन्सिलीची फुली इतक्या धुण्यांनंतरही पुसट शिल्लक होती. घरात नको असलेलं ते कापड पणजोबांनी स्वतःच्या मजुरीतून विकत घेतलं होतं.

पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्यात कधीतरी. म्हणजे कामावरून काढलेल्या माणसाचे पैसे मालकाकडे अडकलेलेच असायचे. हे दुखणं फार जुनं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे, १८९० साली ती मिळालीही. पण त्याच निवेदनात आणखी दोन मागण्या होत्या: पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, आणि कामात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. काम बंद आहे म्हणून पोट बंद होत नाही, हा विचार त्या दुसऱ्या मागणीत आहे. रविवारच्या आनंदात आपण ती विसरलो.

१९२८ च्या संपाच्या गोष्टी पणजोबांकडून आजोबांकडे आणि आजोबांकडून आमच्याकडे आल्या. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. संप मिटला तो फॉसेट समिती नेमून. मालकांनी आखलेले स्थायी आदेश, म्हणजे कामावर कधी यायचं, दंड कशाबद्दल, काढायचं कसं याचे नियम, समितीने कलमवार तपासले. मात्र कागद कागदाच्या जागी राहिला. संघटनेच्या लोकांना वेचून काढल्याची तक्रार घेऊन १९२९ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला. तोवर गिरणी कामगार युनियनचे पुढारी मीरत कटाच्या खटल्यात तुरुंगात गेले होते. पणजोबा त्या दुसऱ्या संपानंतर गावी गेले आणि बराच काळ परतले नाहीत.

१९३६ साली वेतन अदायगीचा कायदा आला आणि काही गोष्टी पहिल्यांदा आकड्यांत बांधल्या गेल्या. दंड रुपयाला अर्ध्या आण्याहून जास्त नको. नुकसानीबद्दल पगार कापायचा तर नुकसानीपुरताच, आणि आधी कामगाराचं म्हणणं ऐकून. कामावरून काढलेल्या माणसाचा कमावलेला पगार दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत त्याच्या हातात. हे शेवटचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. काढलेल्या माणसाला थकवून गावी पाठवण्याची मालकाची जुनी युक्ती त्या एका ओळीने गुन्हा ठरली.

मुंबई प्रांतात १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याने स्थायी आदेश सक्तीचे झाले. पण त्याच कायद्याने संपाचा हक्क आवळला, म्हणून डॉ. आंबेडकरांनी त्याला विधिमंडळात कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवला. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, एप्रिल १९४६ मध्ये, देशभरासाठी स्थायी आदेशांचा कायदा झाला. गिरण्यांची तऱ्हा मात्र वेगळी राहिली. त्यांना १९४६ चाच मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, कामगारांच्या बोलीत बीआयआर. आजोबांचं प्रकरण त्या कायद्याखालचं.

चौकशी लेबर ऑफिसरच्या केबिनमध्ये झाली. आरोप करणारा गिरणीचा, लिहून घेणारा गिरणीचा, निकाल देणाराही गिरणीचा. साक्षीला शेजारच्या साच्यावरचा माणूस उभा केला. आजोबांनी मास्तरांवर कांडी फेकली, असं त्याने सांगितलं. आजोबा त्याच्याशी पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. आजी त्याचा राग करू द्यायची नाही. तो बदली होता, कार्ड घेऊन रोज गेटवर उभा राहायचा, मुकादमाने बोट दाखवलं तरच आत. त्याच्याही घरी पोरं होती. “तेका काय खायाक नको?” एवढंच ती म्हणायची.

निकाल बडतर्फीचा लागला. गिरणीने सांगितलं, हिशोब घेऊन जा. आजोबांनी घेतला नाही. हिशोब घेतला म्हणजे काढणं मान्य केलं, असं तेव्हा सगळेच मानत. पगाराला महाग झालेल्या माणसाने समोर आलेल्या नोटा परत करायच्या, याला काय लागत असेल, त्याचा विचार मी अनेकदा करते. तीन महिन्यांच्या आत मालकाला ॲप्रोच लेटर, म्हणजे मागणीचं पत्र, द्यावं लागायचं, तरच लेबर कोर्टाची पायरी चढता यायची. चाळीतल्या एका वयस्क युनियनवाल्याने ते लिहून दिलं, आणि पोच घेतल्याशिवाय गेटवरून हलायचं नाही असं बजावलं.

कोर्टात तारखा पडत गेल्या. शेवटी गिरणीनेच तडजोड पुढे केली: कामावर परत घेतो, नोकरी सलग धरतो, पण मधल्या काळाचा पगार मागायचा नाही. आजोबांनी सही केली. त्या काळच्या कितीतरी प्रकरणांचा शेवट असाच झाला आहे. कामगार निर्दोष, आणि तरीही दंड त्यालाच. आजोबा हे जिंकल्याची गोष्ट म्हणून सांगत. आजी मान फिरवायची. पाटल्या, पठाण, वाण्याची वही, हा सगळा खर्च त्या सहीने आमच्या घराच्या नावावर कायमचा पडला.

मागचा पगार हा अशा भांडणांत नेहमी सौद्याचा भाग होतो. ‘नोकरी मिळतेय ना, मग पैशाचं सोडा,’ असं वकीलही सांगतात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात याला स्पष्ट उत्तर दिलं. बडतर्फी बेकायदा ठरली तर मागचा पूर्ण पगार हा सर्वसाधारण नियम. माणूस त्या काळात दुसरीकडे कमावत होता असं मालकाला म्हणायचं असेल तर ते त्याने मांडावं आणि सिद्ध करावं. आजोबांच्या सहीनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला होता.

निर्वाह भत्त्याचा इतिहासही असाच हळूहळू पुढे सरकला. पूर्वीच्या आदर्श स्थायी आदेशांत हिशोब सरळ होता: निलंबनाचा हुकूम शेवटी रद्द झाला तर पूर्ण पगार, कायम झाला तर तेवढे दिवस गैरहजर. मधल्या काळात खायचं काय, याचा विचार नाही. १९८२ च्या दुरुस्तीने तो आला. चौकशी चालू असताना पहिले ९० दिवस अर्धा पगार, पुढे कामगारामुळे उशीर झालेला नसेल तर ७५ टक्के. त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. संपातल्या माणसाला भत्ता नसतो. बाबा तेव्हा गिरणीत लागलेले होते, ते परत कधीच आत गेले नाहीत. आजीच्या दारावर पुन्हा रेघा वाढल्या. त्या खेपेला त्या पुसायला पगाराचा दिवस आला नाही.

न्यायालयांत अर्ध्या पगाराचं मोल पटवायला माणसांना केवढं सोसावं लागलं आहे! मध्य प्रदेशातला एक वनक्षेत्रपाल रेवाला राहायचा, चौकशी ठेवली पाचशे किलोमीटरवर जगदलपूरला, आणि भत्ता दिला नाही. जायला पैसे नाहीत, म्हणून तो गेला नाही. त्याच्या गैरहजेरीत त्याला काढून टाकलं. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला १९८५ मध्ये निलंबित केलं, भत्ता दिला नाही, एकतर्फी चौकशी करून काढलं. फौजदारी खटल्यात तो सुटला, तरी न्याय मिळायला १९९९ उजाडलं. आणि आपल्या महाराष्ट्राचं काय? राज्याच्या सेवा नियमांत एक तरतूद होती: निलंबित कर्मचाऱ्याला फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं, तर त्याचं अपील चालू असताना निर्वाह भत्ता महिना एक रुपया. एक रुपया! शासन त्या नियमाच्या बचावासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८३ साली न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. फुले-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याने एका माणसाच्या महिन्याभराच्या जगण्याची किंमत एक रुपया लिहून ठेवावी, याची मला आजही लाज वाटते.

रेल्वेचा १९७४ चा संप चाळीत सगळ्यांना तोंडपाठ होता. ८ मेला सुरू झालेला हा संप मोडताना हजारो जणांना चौकशीशिवाय काढलं. नियमांत तशी पळवाट होती, चौकशी व्यवहार्य नसेल तर ती टाळता येते. कित्येकांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढलं. १९७७ साली सरकार बदललं, कोकणातून निवडून गेलेले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना कामावर परत घेण्यात आलं. आजोबा हा किस्सा अभिमानाने सांगत, आपला माणूस म्हणून. पण तो न्याय मिळाला तो मंत्रालयात चांगला माणूस बसला म्हणून. हक्क म्हणून मिळाला असता तर बसणाऱ्याचं नाव बघावं लागलं नसतं.

महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटनांच्या कायद्याने, सूड म्हणून काढणं, घाईघाईने काढणं, क्षुल्लक चुकीला अवाच्या सवा शिक्षा देणं या सगळ्याला अनुचित प्रथा ठरवलं. टेबलावर कांडी ठेवल्याबद्दल बडतर्फी, हे त्या कलमात चपखल बसलं असतं. आजोबांचा मोबदला गेला तो असा काही वर्षांच्या फरकाने.

नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. अर्धा पगार आणि ७५ टक्के हे दर तसेच आहेत. निलंबनाची चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवा असंही लिहिलं आहे, आणि ते चांगलं आहे. काढलेल्या माणसाला दोन कामाच्या दिवसांत पैसे, हेही कायम आहे. पण स्थायी आदेश आता तीनशे आणि त्याहून अधिक कामगार असतील तिथेच सक्तीचे. जुन्या कायद्याचा उंबरठा शंभर होता, महाराष्ट्रात तर पन्नास. म्हणजे नव्वद दिवस आणि अर्धा पगार या दोन्ही गोष्टी ज्यांना सगळ्यात जास्त लागतील, ती छोट्या कारखान्यांतली माणसं त्या चौकटीबाहेर राहिली.

माझा पुतण्या भिवंडीत एका गोदामात कंत्राटदाराकडून लागला होता. एक पार्सल हरवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड गेटवर चालेना. पर्यवेक्षकाने फोनवर सांगितलं, विषय मिटेपर्यंत येऊ नकोस. कागद नाही, आरोप नाही, चौकशीची तारीख नाही. पणजोबांच्या वेळी मुकादम असंच सांगायचा, फरक एवढाच की तो समोर उभा राहून सांगायचा. पोरगा गप्प बसला असता. चोरीचा आळ अंगावर घेऊन दुसऱ्या गोदामात लागला असता, तसे बरेच लागतात.

त्याला घेऊन आम्ही अर्ज लिहिला. झालेल्या कामाचा पगार त्याला दोन पत्रांनंतर मिळाला. उरलेल्या भांडणात मला एक जुना निकाल सापडला. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या कामगारांच्या प्रकरणात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की करारात किंवा नियमात तसं कलम नसेल, तर मालक माणसाला कामावर येऊ नकोस म्हणू शकतो, पण त्याचा पगार थांबवू शकत नाही. पुतण्याला नेमणूकपत्रच दिलेलं नाही, स्थायी आदेशही नाहीत. मग त्याचा अर्धा पगार कुठल्या कलमाने तोडणार, आणि पूर्ण तरी कुठल्या? मजूर आयुक्तांच्या कार्यालयात दिलेल्या अर्जात आम्ही दोनच गोष्टी मागितल्या आहेत: आरोप असेल तर तो लेखी द्या, आणि तो सिद्ध होईपर्यंतचा पूर्ण पगार द्या. कंत्राटदाराने तडजोडीचा निरोप पाठवला आहे, कामावर घेतो, मागचं सोडून दे. पुतण्याने नाही म्हणून कळवलं आहे. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे.